साडूंची लाख मैल चाललेली मोटार

आमच्या साडूंइतका मोटार चालवायला नालायक माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात झाला नाही, आणि मोटार विकत घ्यायचा त्यांच्याइतका हक्कही दुसऱ्या कोणाला नव्हता, हे माझं ठाम मत आहे. यातल्या पहिल्या भागाला साक्षीदार हवे तेवढे मिळतील. चांदवडच्या घाटातले ट्रकवाले मिळतील, नाशिकरोडचा एक केळीवाला मिळेल, माझी बायको तर शपथेवर सांगेल. दुसऱ्या भागाची गोष्ट निघाली की मात्र लोक इकडेतिकडे बघायला लागतात. म्हणून ती मला लिहावी लागते आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी नाशिकला शाळामास्तर आणि ते मनमाडला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, तेही मेलगाड्यांवर. कोळशाच्या भट्टीपुढे उभं राहून त्यांचा चेहरा, आवाज आणि स्वभाव असे तिन्ही भाजून निघाले होते. त्यांच्या लेखी जगात पाप एकच, वेळेवर न सुटणं. आमच्या धाकट्या भावाच्या लग्नात पत्रिकेवर दहाची वेळ छापली होती. दहा वाजले, नवरीच्या बसचा पत्ता नव्हता. साडू उठले, माईक हातात घेतला आणि त्यांनी बुद्धवंदना सुरू करून टाकली. आम्ही सगळे बावरून हात जोडून उभे राहिलो. नवरी आली तेव्हा वंदना आटोपून साडू पहिल्या पंगतीला बसले होते. भावानं तक्रार केली तर म्हणाले, "गाडी पॅसेंजरसाठी थांबत नसते." ती नवरी पुढं कैक वर्षं त्यांच्याशी धड बोलली नाही, आणि साडूंना ते कळलंही नाही.

तर या माणसाच्या डोक्यात एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराला मोटार घ्यायचं आलं. आमच्या नात्यागोत्यात तोवर सायकलच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. एकानं स्कूटरचा नंबर लावला होता, तो अजून लागायचा होता. मी साडूंना म्हटलं, "साडूभाऊ, रेल्वेचा पास आहे, एसटी आहे, मोटार कशाला?" उत्तर मला मेहुणीनं दिलं, स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता आणि माझ्याकडं न बघता.

साडूंचं गाव नामपूरच्या बाजूला. त्यांचं लग्न म्हणजे आमच्या लोकांनी धम्म घेतल्यानंतरचं त्या गावातलं पहिलं लग्न. साडू रेल्वेत नुकतेच लागलेले, अंगात रग होती. मालेगावहून भाड्यानं घोडा आणला आणि वरात गावाच्या वेशीतून न्यायची ठरवली. वेशीत गावची चार जाणती माणसं उभी होती. कोणी कोणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. त्यातला एक अगदी मायेनं म्हणाला, "उतर भो, पायी जाय. गावनी रीत शे." साडू उतरले. मागं त्यांची माय होती, नवी नवरी होती, सगळे तसेच पायी गेले. "वाजंत्रीवाले थांबलेसुद्धा नाहीत हो भाऊजी," मेहुणी म्हणाली, "वाजवतच राहिले." तेव्हापासून साडू गावी गेले की एसटीतून उतरून मागच्या पांदीनं वस्तीवर जात. वेशीतून कधी गेले नाहीत. आता माय थकली होती. तिला स्वतःच्या गाडीत बसवून, स्वतः चालवत, दिवसाढवळ्या त्या वेशीतून घरापर्यंत न्यायचं, एवढ्यासाठी मोटार हवी होती. टॅक्सी करा, असं मेहुणीनं सुचवून पाहिलं होतं. त्यावर ते म्हणाले, "भाड्याची नको. घोडा भाड्याचाच होता."

हे ऐकल्यावर मी गाडी शोधायला त्यांच्याबरोबर हिंडू लागलो, आणि माझ्या हालांना सुरुवात झाली. नाशिकच्या एका डॉक्टरांची गाडी होती. रंग नवा, आसनांवरचं कापड नवं, दवाखान्यापासून घरापर्यंत जेमतेम फिरलेली. साडूंनी मैलांचा आकडा वाचला आणि तोंड वाकडं केलं. "बसून खाल्लेलं इंजिन आहे," ते डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाले. त्यांच्या शेडमध्ये जे इंजिन लाखो मैल धावलं तेच भरवशाचं, जे उभं राहिलं ते कुजलं, असा हिशेब. आगगाडीच्या इंजिनाला दर काही महिन्यांनी सगळं उघडून नवं करणारी फौज असते आणि मोटारीला फक्त मालक असतो, हा फरक त्यांना कोणी सांगू शकलं नाही. मी सांगितला होता, पण मास्तरांचं कोण ऐकतं!

शेवटी देवळाली कॅम्पात एका पारशी बावाजींकडं ती भेटली. लालभडक, बुटकी, लांब नाकाची, परदेशी गाडी. दारं चार, पण अंगकाठी शर्यतीच्या घोड्याची. तरुणपणी बावाजी ती मुंबई-पुण्याच्या शर्यतींत पळवत, आणि नंतर ती नुसतीच पळवत राहिले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कंपनीचा काही दोष नव्हता. मैलांचा आकडा शेवटापर्यंत जाऊन, संपून, पुन्हा शून्यापासून निघून बराच पुढं आला होता. बावाजी सज्जन माणूस. ते हात जोडून सांगत होते, "अरे बाबा, ये बहोत चली हुई है. तेल पीती है. मत ले तू." ते जितकं नको म्हणत तितके साडू खुलत. "बघा मास्तर, केवढी चालली आहे!" हळू चालणारी, पोक्त गाडी घ्या म्हटलं तर म्हणत, "मेल चालवलेला माणूस मालगाडी घेईल का?" नाशिकच्या द्वारका चौकातल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून पाहिलं आणि न बोलता बंद केलं. साडूंनी तेही पसंतीचं लक्षण मानलं.

आता चालवायचा प्रश्न. आयुष्यभर साडूंना रुळांनी वळवलं होतं. गाडी वळवणं हे ड्रायव्हरचं काम आहे, हीच गोष्ट त्यांना मुळात पटत नव्हती. वळण आलं की ते भोंगा वाजवत आणि वाट पाहत. नाशिकरोडचा केळीवाला याच पद्धतीतून आमच्या ओळखीचा झाला. रस्त्याच्या मधोमध, नाकासमोर चालायचं, समोरच्यानं रूळ बदलावा. मेहुणीला मागच्या आसनावर हिरवा आणि तांबडा असे दोन रुमाल देऊन बसवलं होतं. तिनं मागं पाहून हिरवा हलवल्याशिवाय गाडी हलायची नाही. एकदा पिंपळगावला ती लघवीला म्हणून उतरली आणि साडूंची वेळ झाली. रुमाल नाही म्हणून हे निघेनात, आणि वेळ झाली म्हणून इंजिन बंदही करेनात. मागं बैलगाड्यांची रांग लागली. रेल्वेचं फाटक लागलं तर खाली उतरून, ताठ उभे राहून जाणाऱ्या गाडीला हात करत, आणि ती गेली की तिच्या ड्रायव्हरच्या चुका आम्हांला समजावून सांगत. माझी बायको त्या गाडीत बसली की डोळे मिटायची ते घर आल्यावरच उघडायची.

मायच्या डोळ्याचं ऑपरेशन नाशिकला झालं. पट्टी निघेपर्यंत म्हातारी आमच्याकडं होती. पट्टी निघाली, चष्मा मिळाला, आणि वैशाखी पौर्णिमेला तिला गावी न्यायचं ठरलं. साडूंनी ड्रायव्हरचा निळा कोट इस्त्री करून घातला होता. माय पुढं त्यांच्याशेजारी, पांढरं लुगडं नेसून, नवा चष्मा लावून. मागं आम्ही तिघं, रुमालांसकट.

वैशाखाचं ऊन, चढण, आणि साडूंना गिअर बदलायचा कंटाळा. देवळा सोडलं आणि बॉनेटमधून पांढरे लोट यायला लागले. मी ओरडलो, "साडूभाऊ, थांबवा! धूर येतोय!" साडूंनी मान बाहेर काढून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत त्या गाडीत त्यांना पहिल्यांदाच ओळखीचं काहीतरी दिसलं होतं. "धूर नाही मास्तर, वाफ आहे. आत्ता कुठं वाफ धरली आहे तिनं!" आणि त्यांनी पाय आणखी दाबला. मोटारीत वाफ होणं म्हणजे तिचं मरण, हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. जन्मभर वाफेवर पोट भरलेल्या त्या एका माणसाला ते कसं ठाऊक असणार?

सटाणा गेलं, गावाचा फाटा आला. गाडी धापा टाकत, गुरगुरत गेली आणि बरोबर वेशीत, जिथं ती जन्मात थांबायला नको होती तिथं, एक आचका देऊन थांबली ती कायमची.

वेशीत आता चहाचं हॉटेल झालं होतं. बाकड्यांवर गावची मंडळी बसली होती. कोणी अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं, असं मला वाटून गेलं. निदान भांडता आलं असतं. सरपंच, जुन्या जाणत्यांपैकीच एकाचा मुलगा, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत पुढं आला. हसून रामराम केला, वाफेकडं पाहिलं आणि अगदी रास्त सल्ला दिला, "उतरी जा बरं समदा. गाडी हलकी व्हई, मंग ढकला."

त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी मान्य करतो. साडूंचे हात स्टिअरिंगच्या चाकावर होते ते तसेच राहिले. ते मायकडं पाहत नव्हते, आणि समोरही पाहत नव्हते. मला तेव्हा त्या सरपंचाचा, त्या बावाजीचा आणि जगातल्या सगळ्या मोटारींचा भयंकर राग आला. तेवढ्यात माय बोलली. आवाज वाढवला नाही. "मी उतरत नही. तुम्हले ढकलनं तं ढकला."

मग आम्ही ढकलली. मी टेरिकॉटच्या नव्या शर्टात, माझी बायको ठेवणीतल्या पातळात, मेहुणी हातातल्या रुमालांसह. बाकड्यांवरून कोणी उठलं नाही. त्यांचे कपडे स्वच्छ होते, त्यामुळं असेल. थोडं पुढं गेल्यावर वस्तीवरची माणसं पळत आली, जयभीम घातला आणि गाडीला हात लावला, तेव्हा ती जरा नीट चालू लागली. पोरंसोरं हसत मागून येत होती, ओट्यांवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसण्यासारखं होतंच ते. साडू आत ताठ बसून रिकाम्या रस्त्यावर भोंगा वाजवत होते, इंजिनाची लांब शिट्टी द्यावी तसा, दर घरापाशी. आणि माय चष्म्यातून एकेक दार निरखत होती. मारुतीच्या देवळापाशी तिनं खिडकीतून मागं वळून आम्हांला सांगितलं, "हळू ढकला रे. मले देखू द्या."

गाडी तिथून बैलांनी ओढत नामपूरला नेली आणि पुढं भंगारात गेली. पावसाळा संपता संपता माय गेली. साडू निवृत्त होऊन नाशिकला राहायला आले. गाडीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि त्यांच्या वागण्यातली रगही गेली. लग्नाला येत ते उशिरा येत, कोपऱ्यात बसत. ज्या माणसानं आम्हांला इतका वात आणला, त्याला असं मुकाट बसलेलं पाहणं मला सोसत नसे.

काही वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मला त्या गावी जावं लागलं. वेशीतल्या हॉटेलातल्या लोकांनी मला ओळखलं आणि एकच हशा उसळला. लाल मोटार, वाफ, भोंगा, सगळ्यांना सगळं पाठ! मी चिडून विचारलं, "आणि घोडा? तो आठवतो का?" मायेनं बोलणारा तो जाणता आता खूप म्हातारा होऊन तिथंच बसला होता. त्यानं माझ्याकडं खरोखर न समजून पाहिलं. "कसाना घोडा?" तो म्हणाला.

मी परतलो तो तडक साडूंकडं गेलो आणि संतापाच्या भरात सगळं ओकलो. ते ओसरीवर खुर्चीत बसून ऐकत होते. घोडा कोणाला आठवत नाही, तेही त्यांनी ऐकून घेतलं. आणि एवढंच विचारलं, "मग हसतात ते नेमकं कशाला?"

"आणखी कशाला? म्हणतात, मोटार मेली तरी म्हातारी काही उतरली नाही."

साडू जरा पुढं सरकून बसले. "असं म्हणतात?" म्हणाले. "गावात म्हणतात?" मी हो म्हटलं. त्यांनी आतून मेहुणीला हाक मारली, तिला शेजारी बसायला लावलं आणि मला म्हणाले, "मास्तर, तिला सांगा. पहिल्यापासून सांगा."