न पोचलेला कडू घास

माझी आजी तानाबाई गेली त्याला आता दोन महिने होतील. पेपरात फोटो आला तेव्हा खाली छापलं होतं, 'धार्मिक व प्रेमळ स्वभावाच्या'. कुणी लिहून दिलं होतं कुणास ठाऊक. धार्मिक ती अजिबात नव्हती. एकादशीला चहात खारी बुडवून खायची आणि वर विचारायची, "देवाला काय दुसरी कामं न्हाईत व्हय?" प्रेमळ म्हणावं, तर गावात तिच्या तोंडाला भिणारी माणसंच जास्त. म्हणून म्हटलं, आपणच लिहू. मी काही लिहिणारी बाई नाही. जयसिंगपुरात औषधांच्या दुकानात नोकरी करते, दिवसभर लोकांच्या गोळ्या हुडकत उभी असते. पण आजीची एक गोष्ट माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. आमच्याकडं घरात माणूस गेलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, भावकीतले भाकरी-पिठलं घेऊन येतात आणि रडून दमलेल्या माणसांना बसवून खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. गावात कुणाच्याही घरी मयत होवो, पहिला कडू घास आजीचा. वरच्या आळीला असो की खालच्या, आमच्याशी बोलणारं घर असो की बांधावरून कोर्टात गेलेलं, तिला त्याचं काही नव्हतं. बातमी कळली की ती आधी तवा ठेवायची, रडायचं नंतर. टोपली डोक्यावर घेऊन सरळ आत घुसायची आणि घरातल्या सगळ्यात जास्त रडणाऱ्या बाईपुढं जाऊन बसायची.

"रडायचं त्ये रड, मी कुठं नगं म्हणतो? पर आदी दोन घास गिळ. रडायला ताकद नगं व्हय?"

आणि बाई खायची. खाणार नाही असं आजीला सांगायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका घरी पुण्याहून आलेल्या सुनेनं हॉटेलातून डबे मागवले, तर आजीनं ते डबे तिच्यादेखत बाहेर ठेवले आणि म्हणाली, "हे पैशाचं हाय. आज माणसाच्या हातचं खायाचं." लई बोलणी झाली त्यावरून. मीसुद्धा आजीला म्हटलं, लोकांच्या घरात जाऊन दादागिरी कशाला करतीस? ती म्हणाली, "मग काय, इचारून इचारून वाढू व्हय?"

दोन हजार एकोणीसच्या पुरात सगळं गाव जयसिंगपूरच्या शाळेत होतं. बाहेरून मदतीला आलेली पोरं पाव वाटत होती. आजीनं पाव हातात घेतला, उलटापालटा बघितला आणि त्या पोराला म्हणाली, "पावणं, आमचं घर बुडालंय, आमी आजारी न्हाय. पीठ आना." दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या व्हरांड्यात चार चुली पेटल्या. त्यातल्या एका चुलीपुढं आजी आणि खैरुनबी, असं आठ दिवस चाललं. आजी भाकरी थापायची, खैरुनबी भाजायची, आणि दोघी मिळून सगळ्या गावाला शिव्या द्यायच्या.

खैरुनबी म्हणजे आमच्या घरामागच्या परड्याच्या भिंतीपलीकडली. मी तिला चाची म्हणते. तिचे मालक गैबीचाचा शेतातल्या मोटारी दुरुस्त करायचे. आजीचा कडू घास सुरू झाला तो या खैरुचाचीमुळं. एक्याऐंशी साली माझे आजोबा नदीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. आजी तेहतीस वर्षांची, पदरात तीन पोरं. गारगोटीकडची डोंगरातली लेक, माहेर लांब, निरोप पोचून माणसं यायला दुसरा दिवस उजाडणार. भावकीशी तेव्हा वाटणीचं भांडण चाललेलं, त्यामुळं भावकी स्मशानातनं परस्पर आपापल्या घरी गेली. दिवस कलला तरी त्या घरात कुणी भाकरीचा तुकडा आणला नाही. पोरं भुकेनं रडत होती आणि आजीला वाटत होतं की ती बापासाठी रडत्यात.

तेव्हा भिंतीपलीकडनं एक नवी नवरी आली. अठरा वर्षांची, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. फडक्यात भाकऱ्या बांधलेल्या. दारात उभी राहून म्हणाली, "तानाक्का, आमच्या घरचं चालंल न्हवं?"

आजी हे सांगताना दर वेळी इथं थांबायची. मग म्हणायची, "चालंल का म्हणं. अगं, तिनं त्या दिशी शेण आनलं असतं तरी मी खाल्लं असतं." त्या दिवसापासून आजीनं ठरवलं की या गावात मयताच्या घरात कुणी भाकरीची वाट बघत बसणार नाही. आणि चाळीस वर्षं कुणी बसलं नाही.

आता मी केलं ते सांगते.

दोन हजार एकवीसचा मे महिना. दुकानात रोज माणसं येऊन एकाच इंजेक्शनचं नाव घेऊन रडत होती, आणि ते आमच्याकडं नव्हतं. काल ज्याला गोळ्या दिल्या तो आज गेल्याचं कळायचं. माझ्या वडिलांना, आण्णांना, शुगर होती आणि चारच महिन्यांपूर्वी त्यांचं बायपास झालेलं. अशात एका सकाळी बातमी आली, गैबीचाचा सरकारी दवाखान्यात वारले. मयत घरी आणणार नव्हते. खैरुचाचीसुद्धा पॉझिटिव्ह, घरात एकटी. लेक रुबीना इचलकरंजीला, तिच्याही घरात आजार.

मी दुकानाला निघाले होते. बघते तर आजी टोपलीवर फडकं बांधत होती.

"कुठं निघालीस?"

"खैरूकडं. कुठं म्हंजे?"

मी समजावलं, मग ओरडले. आजी म्हणाली, "दारात ठिवतो आनि मागारी फिरतो. हात लावत न्हाय." मला माहीत होतं, ती मागं फिरणार नाही. आत जाईल, खैरुनबीला जवळ घेऊन बसेल, आणि चार दिवसांत आमचे आण्णा जातील. मी म्हटलं, न्हाय म्हंजे न्हाय. ती ऐकेना. मग मी बाहेर गेले, घराच्या पुढच्या सोप्याच्या ग्रिलला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. परड्याचं दार आधीच बाहेरून बंद करून आले होते. आई बघत होती. गाडी सुरू करताना मी एकदाच मागं बघितलं. आजी ग्रिलला धरून उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अनू, कुलूप काढ बाळा." असं हळू आवाजात ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. मी गेले.

टोपली मी स्वतः नेऊन चाचीच्या दारात ठेवू शकले असते. मला सुचलं नाही, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. सुचलं होतं. मला भीती वाटत होती.

कुलूप बारा दिवस राहिलं. रोज सकाळी मी लावायची, संध्याकाळी काढायची आणि स्वतः दारात बसून राहायची. तिसऱ्या दिवशी गावातल्या आशाताई दुकानात आल्या तेव्हा कळलं, खैरुनबीच्या घरी दोन दिवस कुणाच्याही घरची भाकरी गेली नव्हती. सगळं गाव आपापल्या दाराआड, आणि प्रत्येक घरात एकच बोलणं, तानाबाई गेली असंल की. वरची आळी तेच म्हणाली, खालची आळी तेच म्हणाली. चाळीस वर्षांची सवय. आशाताईंनी मग स्वतःच्या घरचा डबा नेऊन दिला. हे मी घरी येऊन आजीला सांगितलं नाही. पण तिला कुठून तरी कळलंच, कारण त्या संध्याकाळपासून ती भिंतीकडंच्या बाजूला बसेनाशी झाली.

तेराव्या दिवशी मी कुलूप लावलं नाही. आजी त्याच पावली खैरुचाचीकडं गेली आणि पाच मिनिटांत परत आली.

"काय झालं?"

"बोलंना ती."

"मग तू काय म्हणालीस तिला?"

"म्हणायचं त्ये म्हणालो," ती म्हणाली आणि आत जाऊन झोपली.

मला वाटलं, आजीनं झालं ते सांगितलं असणार, नातीनं कोंडून घातलं म्हणून. आणि तरी ही बाई फुगून बसते? माझं डोकं फिरलं. आपला माणूस गेला म्हणून काय आमचापण घालवायचा होता का? त्या दिवसापासून मी चाचीच्या घरावरून जाताना मान वळवून जायला लागले. रस्त्यात समोर आली तर मोबाईल बघायला लागले. चार वर्षं. तापट म्हणून मला सगळे ओळखतात, पण मूर्ख म्हणून कुणी ओळखत नाही, हे त्यांचं चुकतंय.

आजी त्यानंतर कुणाच्या मयताला टोपली घेऊन गेली नाही. भाकऱ्या करायची, फडकं बांधायची आणि आईच्या हातात द्यायची. म्हणायची, "माझ्या हातनं आता नगं." आम्हाला वाटलं, गुडघे दुखतात. मी तिला गुडघ्याच्या गोळ्या आणून देत होते. ती मुकाट घेत होती.

फेब्रुवारीत एका सकाळी ती चहा पिता पिता गेली. कप खाली ठेवला, भिंतीला टेकली, संपलं. दुपारपर्यंत सगळं उरकलं. घरी आलो तर चूल थंड आणि घर माणसांनी भरलेलं. मी सोप्यात बसले होते. मला रडू येत नव्हतं, सगळ्यांचा राग येत होता, आणि का येत होता ते कळत नव्हतं.

तेवढ्यात ग्रिल वाजलं आणि खैरुचाची आत आली. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. कुणाच्याही घरची भाकरी अजून आली नव्हती. ती सरळ माझ्यापुढं येऊन बसली. फडकं सोडलं नाही, मांडीवर धरून ठेवलं.

"मला यायला उशीर झाला, पोरी," ती म्हणाली. "आजचा न्हाय म्हणत मी. चार वर्सांचा. रोज वाटायचं, आज बोलावं, आज बोलावं. माणसाला भ्या वाटतंच की. माझ्याच घरात रोग हुता. तानाक्का भ्याली म्हणून काय झालं?"

मला कळेना ती काय बोलत होती. मी विचारलं, "आजी भ्याली असं कुणी सांगितलं तुला?"

"तिनंच. त्या दिशी दारात हुबारली आनि म्हणाली, 'खैरू, मला मरायचं भ्या वाटलं. म्हणून आलो न्हाय.' मी दार लावून घेतलं तिच्या तोंडावर."

म्हणजे आजीनं माझं नाव घेतलंच नव्हतं. पोरीला शेजारणीनं जन्मभर बोल लावू नये म्हणून माझी भीती तिनं आपल्या अंगावर घेतली, आणि चार वर्षं ती अंगावर घेऊन भिंतीअलीकडं बसून राहिली. आणि मी तिला गोळ्या देत होते.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. आजीनं चार वर्षं जे झाकलं ते आपण आज का उघडायचं? खैरुनबीनं तिला माफ केलंच होतं. मिटलं होतं. पण न केलेल्या गोष्टीची माफी घेऊन माझी आजी गेली, असं नको होतं मला.

"चाची, ती भ्याली न्हवती," मी म्हटलं. "मी कोंडून घातलं तिला. ग्रिलला कुलूप लावून किल्ली घेऊन गेलतो. बारा दिवस. ती टोपली घेऊन तयार हुती. भ्यालतो ते मी."

आईनं तोंडाला पदर लावला. खैरुचाची माझ्याकडं बघत राहिली. ती मला मारेल असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं.

"चाळीस वर्सं," ती म्हणाली. "चाळीस वर्सं वळखत हुतो मी तिला. ती भ्याली असं मला खरं वाटलंच कसं?"

आता मात्र मला रडू फुटलं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत नव्हती, मला गप्पही करत नव्हती. मग तिनं विचारलं, "काय केलतं तिनं त्या दिशी?"

"काय म्हंजे?"

"टोपलीत. माझ्यासाठनं. काय केलतं?"

मला आठवत होतं. त्या संध्याकाळी कुलूप काढल्यावर मी टोपली उघडून बघितली होती. "दशम्या," मी म्हटलं. "दुधात पीठ मळून केलत्या. तू पयल्या दिशी खानार न्हाईस, दुसऱ्या दिशीबी मऊ राहाव्यात म्हणून. आणि शेंगदाण्याची चटणी."

"मग त्याचं काय झालं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण आजीचं चार वर्षांचं खोटं तेवढं पुरे होतं. "आम्ही खाल्ल्या. मी आनि आई-आण्णांनी. दोन दिवस. आजीनं हात लावला न्हाय."

"मऊ ऱ्हायल्या?"

"व्हय."

खैरुचाचीनं मान हलवली. मांडीवरच्या फडक्याची गाठ सोडली, भाकरीचा तुकडा मोडला, पण माझ्यापुढं धरायचं तिला सुचेना. तो तुकडा हातात घेऊन ती आजी बसायची त्या जागेकडं बघत राहिली.

"दुसऱ्या दिशी," ती म्हणाली, "लई भूक लागलती गं मला."