काना की वेलांटी

मोडी मी निवृत्तीनंतर शिकले. त्याआधी चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. भिंगाखाली पार्ट धरून त्यावरच्या चिरा शोधण्यात उभी हयात गेली. घरच्यांच्या मते मोडी म्हणजे रिकामटेकडेपणा. "आता मेलेल्या माणसांची अक्षरं वाचत बसणार व्हय?" असं दादानंच विचारलं होतं. मग जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी शोधायची धांदल सुरू झाली आणि चिखलीतल्या निम्म्या भावकीला माझा फोन नंबर पाठ झाला. दादालाही झाला.

त्याच्या नातीला कॉलेजच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. आमच्या आजोबांच्या नावापुढे 'कुणबी' लिहिलेली एक तरी नोंद सापडली की काम झालं. वकिलानं तहसील कचेरीतून गावच्या कोतवाल बुकाच्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीच्या, नकला काढून दिल्या होत्या. त्या देवनागरीत लिहून घ्यायला दादा चिंचवडला माझ्या घरी आला. येताना पेरू आणले. चार वर्षांत त्यानं माझ्या दारात पाय ठेवला नव्हता, पण पेरू गोड होते.

मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि मग हात न उचलता त्यांच्याखाली अक्षरं लटकवत जातो. एक शब्द कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला, हे त्याचं त्यालाच ठाऊक. आमच्या गावच्या कारकुनाला तर कायम घरी जायची घाई असावी. दोन दिवस डोळे फोडल्यावर तिसऱ्या सकाळी आजोबांचं नाव लागलं. त्यापुढे त्यांच्या वडिलांचं. त्यापुढे अगदी स्वच्छ 'कुणबी'. आणि शेवटच्या रकान्यात, जन्मलेलं मूल काय ते लिहायच्या जागी, 'मुलग' एवढं धड आणि त्यावर शाईचा मोठा डाग.

काना असेल तर मुलगा, म्हणजे आमचे वडील. वेलांटी असेल तर मुलगी, म्हणजे आमची आत्या. नाव नव्हतंच, कारण बारशाच्या आधीच वर्दी जायची आणि नंतर कुणी नाव भरायला जात नसे. मी भिंग लावलं. डागाच्या वर, आडव्या रेघेच्या पलीकडे, वळशाचं बारीकसं टोक शिल्लक होतं. कान्याला रेघेच्या वर काही काम नसतं. शिवाय शाळेच्या दाखल्याप्रमाणे वडील त्यानंतर तीन वर्षांनी जन्मले होते. ती आत्याच होती.

मला फार आनंद झाला, अगदी डोळ्यांत पाणी येण्याइतका. आत्या तळेगावच्या पलीकडे मावळात दिलेली. वर्षातून एकदा आंबेमोहोराचं गाठोडं घेऊन यायची आणि स्वतःच्याच माहेरी पाहुण्यासारखी अंग चोरून बसायची. मी नुकती वाचायला शिकले तेव्हा तिनं घरातला सातबारा माझ्यापुढे धरला होता. "वाच की गं. माझं नाव हाय का त्यात?" मी बोट फिरवत सगळा वाचला आणि नाही म्हणाले. "नसंल," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली. आजोबा गेल्यावर वारस लावताना तिला कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या वेळी निदान रीत पाळली. मला साडी नेसवली, ओवाळलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. मीही हसत केली. माहेर तुटायला नको होतं ना!

मी दादाला फोन केला. "अरे, आत्या सापडली!"

त्यानं डागाचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मुलगा लिही."

"का?"

"आत्या कागदावर आली की तिची पोरं आली, तायडे. रस्त्याकडंचा तुकडा अजून आपल्या नावावर हाय. उद्या हाच कागद घेऊन उभी ऱ्हायली म्हंजे? डागच हाय न्हवं का, कोण बघतंय?"

"मी बघितलंय," मी म्हणाले. दिसलेली चीर मी कंपनीत कधी पास केली नव्हती. मी 'मुलगी' लिहिलं आणि खाली सही केली. दादानं कागद मुकाट्यानं नेला. मला वाटलं, जिंकले.

आठवड्यानं तो वंशावळीचं प्रतिज्ञापत्र घेऊन आला. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. आजोबांच्या चौकटीखाली दोन चौकटी होत्या. एकीत वडील. दुसरीत 'मुलगी, लहानपणीच मयत'.

"सत्तरी ओलांडून गेली रे ती! तुला कडेवर घेऊन हिंडलीय."

"नोंदीत नाव हाय का तिचं? न्हाई ना? मग कोण मेलं, कोण जगलं, कुणाला काय पुरावा?"

मी वडिलांच्या चौकटीखाली पाहिलं. तिथं दादा एकटाच होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "तुझं लेखी झालंय की." त्या घाईतल्या कारकुनानं मुलगी झाली एवढं तरी लिहिलं होतं. माझ्या सख्ख्या भावाला तेवढीही शाई परवडली नाही.

मी सही केली नाही. भावकीतल्या कुणीतरी केली. दाखला मिळाला, नातीला प्रवेश मिळाला. त्या पोरीवर माझा राग नाही. दादावर आहे, आणि तो मरेपर्यंत जाणार नाही. पेढे सगळ्या भावकीत वाटले. माझं घर तेवढं रस्त्यात लागलं नाही.

माझ्याकडे नकलेची झेरॉक्स होती. ती घेऊन मी तळेगावच्या पुढे आत्याच्या मुलाकडे गेले. तोही आता म्हातारा झालाय. त्यानं चष्मा लावून कागद वरून खालपर्यंत पाहिला, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"ताई, यात आईचं नाव कुठं हाय?"

मी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं."

त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं.

"हा तर डाग हाय, ताई."