ढालीवरचा वार

खंडेनवमीची टळटळीत दुपार. डोळा लागावा की लागू नये, या घोळात हिंदुराव वस्ताद तालमीच्या आतल्या खोलीत घोंगडीवर उताणे पडलेले आहेत. पोटात सणाचं मटण आहे आणि अंगात चिलखत. उद्यमनगरातून पोत्यानं आणलेले स्प्रिंग वॉशर एकात एक अडकवून त्यांनी ते स्वतः विणलंय आणि त्याचा त्यांना भारी अभिमान आहे. सकाळी पूजेला बसताना लेकीनं, केतकीनं ते त्यांच्या अंगात चढवलं. एकट्यानं काढायचं तर डावा हात डोक्यावर न्यावा लागतो. तो हात बायको, शालन, गेल्यापासून खांद्याच्या वर जायला तयार नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विचारलंच तर 'चिलखतात झोपायची सवय लागते गड्याला, तुमच्यासारख्या शेंगदाण्यांना काय कळणार' म्हणतात.

उशाशी पूजा मांडलेली आहे. पट्टे, तलवारी, भाले, त्यांच्यावर झेंडूची फुलं आणि लिंबं. मधोमध मानाची ढाल. काळ्या कातड्याची, चार पितळी फुलांची. तिच्या शेजारी फरी-गदगा, म्हणजे डावासाठीची लहान ढाल आणि कातडं मढवलेला सोटा. एकदा पूजेला लावलेलं शस्त्र संध्याकाळच्या डावापर्यंत कुणी उचलायचं नाही, असा इथला शिरस्ता. संध्याकाळी हलगी सुरू झाली की गदग्याचं टोक ओल्या कावेत, तांबड्या गेरूत, बुडवायचं आणि वस्तादाच्या पुढ्यात उभं राहायचं. अंगावर तांबडा ठसा उमटला तर मानाची ढाल ठसा उमटवणाऱ्याची. ढालीवरचा वार धरत नाहीत. आणि तीनदा उतरून ज्याला ठसा उमटवता आला नाही, त्यानं जन्मात पुन्हा वस्तादापुढं उभं राहायचं नाही.

आज केतकीची तिसरी खेप आहे.

वस्तादांना तिची काळजी वाटत नाही. त्यांना सध्या सगळ्या जगाची किळस वाटते आहे. हल्ली जो उठतो तो शिवकालीन लढाईचे प्रयोग करतो. अंगात फायबरचं चिलखत, उन्हात ठेवलं तर पापडासारखं वाकडं होणारं. ढाल मुठीत धरायची सोडून पट्ट्यानं कोपराला बांधतात, रक्तदाब मोजायला बसल्यासारखी. दाढ्या मात्र सरदाराच्या. दांडपट्टा फिरवतात तो एवढा हवेत, की समोरच्याला इजा नाही, उलट गारवा मिळतो. या भुरट्यांपुढं केतकी म्हणजे सोनं. पण माझी ढाल चुकवून आत शिरणं तिच्या बापाच्यानं व्हायचं नाही, असं वस्ताद झोपेच्या उंबऱ्यावर स्वतःला सांगतात. तिचा बाप आपणच, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

पंखा घरघरतो. घरघर लांबते, जाड होते आणि लेथ मशीनची होते.

"चिलखत घालून झोपलायसा? डास चावत्यात काय?"

वस्ताद मान वळवतात. पूजेपाशी शालन बसलेली आहे. मेलेल्या बायकोला पाहून माणसानं दचकावं, पण तिचा आवाज इतका रोजचा आहे की वस्ताद आधी वैतागतात. तिच्या मागं खोलीची भिंत नाही. तिथं उद्यमनगरातला कारखाना आहे, माणसं वाकून वॉशर पाडताहेत आणि वॉशरांचा ढीग तिच्या गुडघ्याशी येऊन थांबलाय. ती त्यातला एक उचलते आणि डोळ्यापाशी धरून त्यातून त्यांच्याकडं बघते.

"अस्सल चिलखत आहे हे," वस्ताद म्हणतात.

"व्हय तर. ट्रॅक्टर येऊन मुजरा करंल."

"तू आलीस कधी?"

"मी मघाच आलो. तुमी घोरत हुता." शालन जुन्या कोल्हापुरी बायकांसारखी स्वतःला आलो-गेलोच म्हणायची. मरणानं त्यात काही फरक पडलेला नाही. ती हात लांब करते आणि पूजेतली फरी सरळ उचलते. झेंडूची फुलं घरंगळतात.

"ठेव ती! पूजेतलं शस्त्र उचलू नये."

"जित्या माणसानं उचलू नये. मला काय हुतंय?"

ती फरी उलटी करते. ढालीच्या आत मुठीमागं एक गादी असते, वाराचा हिसका हाताला बसू नये म्हणून. या तालमीतल्या सगळ्या गाद्या आयुष्यभर शालननं शिवल्या, ढेकूण चिरडावा तशा तोंडानं. ती गादी दाबून बघते.

"ही मी बोटभर जाड केलती. दोन बोटं कशी झाली?"

"केतकीनं नवी शिवली. जुनी झाली होती."

"जुनं काय झालं हुतं?" शालन विचारते. "गादी का तुमी?"

वस्तादांना संताप येतो. जिवंतपणीही ही बाई कधी सरळ बोलली नाही. साऱ्या पेठेनं 'वस्ताद, वस्ताद' करावं आणि घरी आल्यावर हिनं भाकरी थापता थापता विचारावं, आज किती हवा कापली? तिला झापावं म्हणून ते उठायला जातात, तर उभेच असतात. पायाखाली एसटी स्टँडची फरशी आहे. गारगोटीची गाडी लागायची आहे आणि फलाटावर मावळे आणि मोगल आपापल्या पिशव्या घेऊन रांगेत बसलेत. फायबरची चिलखतं, रबराच्या कट्यारी. एका मोगलाच्या डोक्यावर नाकपट्टीचं शिरस्त्राण आहे आणि तो पट्टीच्या दोन बाजूंनी भेळ खातो आहे.

"ही तुमची फौज?" शालन विचारते.

"माझी नाही! असल्या भुरट्यांना मी तालमीच्या पायरीला उभा करत नाही."

तेवढ्यात भोंगा वाजतो आणि सगळे उठून लढाईला लागतात. धाड, धाड, धाड. जो तो समोरच्याच्या ढालीवर बडवतो आहे. प्रवासी टाळ्या वाजवतात. एक कंडक्टर शिट्टी मारतो.

"हे ढालीवर का मारालेत?"

"लोकांना आवाज लागतो. प्रयोगात तसंच करतात."

"मग घमेली बडवा म्हणावं. स्वस्तात हुईल." ती तोंड वाकडं करते. "माझा बाप काय सांगायचा? ढाल त्याची, ती त्यानं सांभाळावी. आपण माणूस बघायचा. ढालीवर कोण मारतं सांगा बघू?"

"अडाणी."

"न्हाई. ज्याला मारायचं नसतंय त्यो."

वस्ताद काहीतरी तिखट बोलणार असतात. पण फलाटाच्या टोकाला त्यांना आपणच दिसतो. गेल्या वर्षीचा डाव चाललाय. समोर केतकी आहे, ओढणी कमरेला बांधलेली, ओठ घट्ट मिटलेले. आणि तो कोण ढेरपोट्या म्हातारा फरी छातीशी धरून उभा आहे? त्याचा पवित्रा खास आहे, मिशीही खास आहे. पण डावा खांदा सताड उघडा आहे. फरी वर जाते ती जेमतेम गळ्यापर्यंत, आणि तिथंच लटकते. शेंबड्या पोरानं डोळे मिटून मारलं तरी लागेल.

केतकी हूल देते. म्हातारा फसतो. तिचा गदगा सरळ त्या खांद्यावर येतो. आला, लागला! आणि वीतभर अलीकडं तिचं मनगट वळतं. गदगा खाली उतरतो आणि ढालीवर आदळतो. धाड. लोक ओरडतात, वा वस्ताद, काय ढाल हाय! म्हातारा मिशीवर ताव देतो.

"थांब," वस्ताद म्हणतात. "पुन्हा दाखव."

पुन्हा तेच. हूल, खांदा, मनगट, धाड. पुन्हा. मिशीवर ताव. वस्तादांना त्या म्हाताऱ्याच्या मुस्काटात मारावीशी वाटते. एवढ्या वर्षांत इतका तिरस्कार त्यांना कुणाचा वाटलेला नाही, फायबरवाल्यांचासुद्धा.

"हात वर जात न्हाई, हे तिला कळलंय," शालन म्हणते. "चिलखत कोण घालतंय तुमच्या अंगात? ती का आंधळी हाय?"

"मग बोलली का नाही?"

"तुमाला? आन् कशी बोलणार? तुमी सगळ्या पेठेला सांगत फिरालाय, पोरगीला माझी ढाल फुटत न्हाई म्हणून."

"आजही ढालीवरच मारेल?"

"आज मारलं की संपलं. तिसरी खेप. जन्मभर तुमच्या ढालीला गाद्या शिवंल, माझ्यागत."

गारगोटीची गाडी लागते. दार उघडतं आणि आत लाल माती आहे. तेल, ताक आणि हळद घालून मळलेल्या मातीचा तो वास वस्तादांना झोपेतही ओळखू येतो. सासऱ्यांची तालीम. दाराला आतून कडी. सासरे चौथऱ्यावर बसलेत, पण त्यांचं तोंड नीट दिसत नाही. वस्ताद खाली बघतात तर पोट नाही. दोन्ही हात मोकळे. वय पंचविशीतलं. समोर शालन, काष्टा घातलेली, हातात गदगा.

हा दिवस त्यांनी हजार वेळा रंगवून सांगितलाय. शालनचा बाप म्हणाला होता, पोरगी गदगा खेळते हे जगात मिरवायचं नाही, पण तिच्या हाताखालून जो ठशाशिवाय निघेल त्याला ढाल आणि पोरगी दोन्ही देईन. पाच-सहा पैलवान तांबडे होऊन घरी गेले. निघाले ते एकटे हिंदुराव, पांढऱ्याशुभ्र बंडीनं.

"चला," शालन म्हणते. आवाज आजचाच, खवचट. "बघा नीट."

ती येते. बापरे, काय येते! तिची हूल म्हणजे शुद्ध थाप आहे. गदगा त्यांच्या बगलेपाशी येतो, मानेपाशी येतो, गुडघ्यापाशी येतो. प्रत्येक वेळी त्याचा वारा अंगाला चाटतो, आणि प्रत्येक वेळी वीतभर अलीकडंच तिचं मनगट वळतं.

धाड. धाड. धाड.

वस्तादांच्या हातातली फरी खाली येते.

"शालन."

"काय?"

"तू ढालीवर मारलंस."

"मग कुठं मारू? रंगवून पाठवलं असतं तर लगीन कुणाशी झालं असतं? तुमच्या मागं पाळी लावून बसलेल्या त्या सांगवड्याच्या मुडद्याशी?" ती कपाळावरचा घाम मनगटानं पुसते. "लई दिवस वाटलं, ह्याला कळंल. मग वाटलं, ह्याला काय कळतंय."

"तीस वर्षं तू मला..."

"तीस वर्षं मी तुमाला भाकरी घातली, आन् तुमी ती ढाल भिंतीवर लावून मिरवली. माझी काय तक्रार न्हाई. मला तुमी पाहिजे हुता. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं." क्षणभर तिचा चेहरा मऊ होतो. या बाईवर आपण किती जीव लावला आणि एकदाही बोललो नाही, ते त्यांना आत्ता, उशिरा, कडकडून कळतं. पण तेवढ्यात ती पुन्हा पहिल्यासारखी होते. "मी माझ्या हौसेनं हरलो. ती कीव करून हरतीया. ह्यात फरक हाय का न्हाई?"

"आहे."

"आमच्या घरात बायकांनी ढालीवरच मारायचं, आसा बी शिरस्ता हाय काय तुमचा?"

वस्ताद मान खाली घालतात. माती ओली आहे. शालन वाकून कोपऱ्यातल्या परातीत गदगा बुडवते. काव ठिबकते.

"हात वर करा," ती म्हणते.

"जात नाही."

"म्हाईत हाय मला. बोलून दाखवा म्हणत हुतो."

"जात नाही, शालन. डावा हात वर जात नाही." बोलल्यावर त्यांना हलकं वाटतं. अंगात चिलखत आहे हे त्यांना आठवतं, आणि ते एकदम फार जड लागतं.

"आता कसं माणसात आलासा," शालन म्हणते आणि मारते.

ढालीवर नव्हे.

"आबा. आबा, उठा की. हलगीवाले आले."

पंखा घरघरतो आहे. दारात केतकी उभी आहे, ओढणी कमरेला बांधलेली. पूजा जशीच्या तशी, फरी-गदगा जागच्या जागी. फक्त फरीवरची फुलं जमिनीवर पडलीत. काव अजून कालवलेलीच नाही, पुडी कोपऱ्यात दोऱ्यानं बांधलेली तशीच आहे.

वस्ताद उठून बसतात. डावा खांदा, थेट मोंढ्यापाशी, ठणकतो आहे.

"आधी हे चिलखत काढ."

"आत्ता? डावाला चिलखतात उभं राहता तुमी."

"वॉशर आहेत ते, केतकी. चिलखत कसलं? काढ. माझा डावा हात वर जात नाही, म्हणून बेतानं काढ."

केतकी त्यांच्याकडं बघत राहते. आई गेल्यापासूनच्या दोन वर्षांत बापाच्या तोंडून हे वाक्य तिनं ऐकलेलं नाही. ती उजवी बाही आधी सोडवते, मग डोक्यावरून ओढते, मग डावी, चढवताना जशी जपते तशीच जपून. खणखणत सगळा ढीग घोंगडीवर पडतो.

आणि तिचा हात थांबतो.

आतली बंडी कालच धुतलेली, पांढरीशुभ्र. तिच्या डाव्या मोंढ्यावर गदग्याच्या टोकाएवढा तांबडा, वाटोळा ठसा. गंज नव्हे. गंजाला वॉशरांची नक्षी आली असती. केतकी बोट लावून बघते. बोट ओलं होतं.

"आबा, ही काव कुठनं आली? कुणी मारलं?"

"ज्याला मारायचं होतं, त्यानं." वस्ताद घोंगडीवरून उठतात आणि दोन बोटं जाड गादीची ती फरी पूजेत तशीच राहू देतात. "ऐक. उजवा मोंढा अजून कोरा आहे. तो तुझ्यासाठी ठेवलाय. मी मोकळ्या हातानं उतरणार. आणि पोरी, कीव केलीस तर तुला घरात घेणार नाही."

बाहेर हलगी कडाडते. केतकीचे डोळे भरलेत, पण हनुवटी वर गेली आहे, अगदी तिच्या आईसारखी, तुच्छतेनं. बोटाला लागलेली काव ती पुसत नाही.

"उजवा सांभाळा मग," ती म्हणते.