उभ्यानं भाकरी

माळवदावरून कुरडयांचं सूप घेऊन उतरताना पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. हैदराबादच्या दवाखान्यात हाडात खिळा घालून मला जुन्या जालन्यातल्या घरी आणलं, तेव्हा माझ्या चुलीपाशी धाकटी जाऊ बसलेली होती. खास माझ्यासाठी धावड्याहून आली होती. तिनं पहिली भाकरी टाकली, ती टम्म फुगली. मला ती दिसली, कारण माझी बाज नेमकी स्वैपाकघराच्या दारासमोर टाकली होती.

दुखणं सोसवत होतं. हे सोसवत नव्हतं.

जाऊ मोठ्या दिराशी बोलत नसे. तशी रीतच होती. त्यामुळे आमचे हे जेवताना तिचं कौतुक मला सांगत आणि मी ते आत पोचवायचं.

"तिला म्हणावं, वरण फर्मास झालंय."

"मीठ बराबर बघून टाक म्हणतात," मी आत सांगितलं.

"ऐकलं मी, बाई!" ती आतून हसत म्हणाली आणि पदर पुढे ओढून ह्यांच्या ताटात आणखी एक पळी वाढून गेली.

डॉक्टरांनी मला बजावलं होतं, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. कधीच नाही. आणि आमच्या घरात सगळं जमिनीवर. चूल, पाटा, जातं. जाऊ म्हणायची, "तुम्ही आता नुसता हुकूम करा. मी हाय की."

एका दुपारी हे म्हणाले, "धाकट्याला इकडंच बोलवावं म्हणतो. आडतीवर काम आहे. तुझीही सोय होईल."

म्हणजे चूल कायमची तिची. मी तेव्हा काठी धरून उभी राहू लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंड्याला बोलावलं आणि सांगितलं, चूल उचलून मातीच्या ओट्यावर घ्यायची, माझ्या कमरेइतकी.

"चूल काय तुळस हाय का बाई, वर बांधायला?"

"बांध. पडली तर माझ्या अंगावर पडेल."

गल्लीतल्या बायका बघायला आल्या. "उभ्यानं थापणार? हॉटेलवाल्यासारखं?"

पहिल्या भाकरीचे तुकडे झाले. काठवट सरकत होती. खाली ओलं फडकं घातलं, मग जमलं. कंबर भरून आली, तरी ताटात वाढेपर्यंत बाजेकडे फिरकले नाही. हे जेवून हात धुवायला उठले.

"तिला काही निरोप?" मी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. धाकट्याला बोलावायचा विषय पुन्हा निघाला नाही. जाऊ आठवड्याभरात धावड्याला गेली. जाताना माझ्या पाया पडली, मी तिची ओटी भरली.

मग पोळ्याच्या सुमाराला दीर बाजाराला आले. चहा घेताना म्हणाले, "वहिनी, हिनं पण ओटा बांधून घेतला. गावातल्या बाया बघायला येऊन राह्यल्यात. मला म्हणतात, काय अक्कल हाय तुमच्या मंडळीला!"

दोन्ही पाय धडधाकट असताना!

"मातीचाच ना?" मी विचारलं.

"छे! वर शहाबादी फरशी बसवली."

दीर गाडी जुंपून बाहेर पडले, तशी मी गवंड्याकडे निरोप धाडला.