पट्टा पडल्यावर बघू

नितीनला फोन मीच लावला. अव्वा, आमची आई, सोलापूरच्या हॉस्पिटलात बाकावर पदर तोंडात धरून बसली होती आणि शुभांगीचे वडील लातूरहून निघून अजून वाटेतच होते. जर्मनीत तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. "नित्या, शुभांगी गेली," एवढंच मी म्हणाले. पलीकडं यंत्रांचा आवाज येत होता. माझा भाऊ म्हणाला, "अक्का, किती दिवसांची रजा टाकू?"

मला त्याचा राग आला नाही. लग्न झाल्यापासून चार वर्षं त्या दोघांच्या संसारात हाच प्रश्न सगळ्यात आधी यायचा. तोंडाला सवय झाली होती, ती त्याही वेळी निघाली. "मिळंल तितकी टाक," म्हणाले आणि फोन ठेवला. या गोष्टीला आता सहा-सात आठवडे झाले. लोक सांगतात, रडून घ्या, मोकळं वाटेल. मी शाळेत जाते, फळ्यावर तारीख लिहिते, वह्या तपासते, येताना भाजी आणते. रडू येत नाही. आत काहीतरी बधिर झालंय, दात काढल्यावर गाल होतो तसं. लिहायला बसले ती म्हणूनच.

शुभांगी माझी भावजय. आमच्या उमरग्याहून तासाभरावर असलेल्या एका साखर कारखान्यात ती केमिस्ट होती. उसाच्या रसाचे नमुने तपासायचे आणि त्यात साखर किती आहे ते सांगायचं, हे तिचं काम. त्या लॅबमध्ये तिच्याआधी बाई कधी नव्हतीच. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा अव्वानं नेहमीचा प्रश्न विचारला, "सैपाक येतो का?" ही म्हणाली, "येतो की. पण नोव्हेंबर ते मार्च इचारू नका." मी फिसकन हसले. अव्वानं माझ्याकडं असं बघितलं की पोरगी आता हातची गेली असंच मला वाटलं. पण घरी येताना गाडीत अव्वाच म्हणाली, "खरं बोलती. चालंल."

हंगाम संपून गाळप थांबलं की आमच्याकडं 'पट्टा पडला' म्हणतात. शुभांगीचं सगळं आयुष्य त्या पट्ट्याला बांधलेलं. दाढ दुखतेय? पट्टा पडल्यावर बघू. माहेरी जायचंय? पट्टा पडू द्या. लग्नसुद्धा तिनं पट्टा पडल्यावर, मे महिन्यातच धरायला लावलं. नितीन तेव्हा जर्मनीतल्या एका यंत्रांच्या कंपनीत नुकता लागला होता. दोन वर्षांत परत येतो, असं तो म्हणायचा. दोन वर्षांत तिकडं जाऊ, असं ती म्हणायची. दोघंही खरंच बोलत होते, हीच तर पंचाईत होती.

लग्नानंतर दहा दिवसांत तो परत गेला आणि जुलैत तीन आठवड्यांची रजा काढून आला. बिचाऱ्यानं इंग्रजी कॅलेंडर बघून तिकीट काढलं. आला तो नेमका आखाडात! आणि नवी सून आखाडात सासरी राहत नाही. अव्वानं शुभांगीला आठ दिवस आधीच लातूरला माहेरी धाडलं होतं. बरं, आमच्या या सीमेवरच्या घरांमध्ये जावयानं आखाडात सासूचा उंबरा ओलांडायचा नाही, हेही आहेच. मी अव्वाशी भांडले. "अगं, एवढ्या लांबून आलाय त्यो." अव्वा म्हणाली, "मग इचारून यायचं." विषय संपला. मग काय, लग्न झालेली ही दोघं लातूरच्या एका हॉटेलात कॉलेजच्या पोरांसारखी चोरून भेटायची. एकदा मी सोबत गेले, तर तिसरा चहा सांगितल्यावर शुभांगी मला म्हणाली, "अक्का, तुमी जरा त्या टेबलावर बसा की." मी मुकाट्यानं उठून तिकडं बसले. ती तीन आठवड्यांची रजा अशी चहात गेली.

पुढं हिशेब कधी जुळलाच नाही. नितीनची मोठी रजा नाताळात, तेव्हा कारखाना ऐन भरात. तो यायचा आणि ही शिफ्टला. हिला उन्हाळ्यात सवड, तेव्हा त्याच्याकडं कामाची घाई. एका उन्हाळ्यात ती दीड महिना तिकडं राहून आली. शेंगाची चटणी आणि ज्वारीचं पीठ घेऊन गेली आणि येताना माझ्यासाठी एक छत्री घेऊन आली. मूल काही राहिलं नाही. गल्लीत विचारणं सुरू झालं. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या तपासण्या करून सांगितलं, "औषधाची गरज नाही. एका घरात राहा." शुभांगी हे सगळ्यांना हसून सांगायची. एकदा मात्र सांगता सांगता मध्येच थांबली आणि उठून पाणी प्यायला गेली.

मी भावाची बहीण. मला वाटायचं, हिनंच नोकरी सोडावी. यंदा संक्रांतीला मी तसं बोललेही. "तुझं लगीन कारखान्याशीच लावायला पायजे हुतं." तीळ भाजत होती, हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "अक्का, तिकडं जर्मनीत मला नितीनची बायको म्हणतेत. इथं नितीनला शुभांगीचा नवरा म्हणतेत. त्याला इचारा, त्यो बी हसतो." मग जरा वेळानं, "मला दोन्ही पायजे. दोन्ही मागितलं की बाई हावरी दिसती, व्हय ना?" माझा राग गेला नव्हता, आणि तिळाचा वास घरभर झाला होता.

त्या दिवशी तिच्या पोटात मूल होतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिलाही तेव्हा नसेल. नितीन आठवड्यापूर्वीच परत गेला होता.

फेब्रुवारीत दुपारी शिफ्टवर तिच्या पोटात कळ आली. नमुन्याचा आकडा लिहून पूर्ण केला आणि ती खाली बसली, असं तिच्याबरोबरच्या माणसांनी सांगितलं. त्यांनी गाडीत घालून उमरग्याला आणलं, तिथून लगेच सोलापूरला पाठवलं. मी आणि अव्वा पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली, आतल्या आत रक्त गेलं. मी त्यांना म्हणाले, "तुमची चूक होतेय. तसं असतं तर तिनं आम्हाला सांगितलं असतं." वर्गात पोराचं गणित चुकल्यावर बोलते, त्या आवाजात म्हणाले. अव्वानं माझा हात धरला. तिला समजलं होतं.

तीन महिने भरल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते, हा अव्वाचा नियम. नणंद म्हणून मीच तो शुभांगीला लग्नाच्या वर्षी मोठ्या तोऱ्यात शिकवला होता. तिनं तो पाळला. घरच्यांपैकी नितीनला तेवढं सांगितलं आणि कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. चार दिवस पोटात दुखतंय, हेही त्याला सांगितलं होतं. उभं राहून राहून दुखत असेल, असं दोघांनी फोनवर ठरवलं. अव्वाची पाच बाळंतपणं झालेली. तिच्या कानावर ते दुखणं गेलं असतं, तर तिनं त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. हे मी रोज एकदा मनात म्हणते. अव्वा काय म्हणत असेल, ते विचारायची हिंमत मला नाही. नितीन दीड दिवसानं पोचला. तोवर आमच्या रीतीप्रमाणं तिला शेतात मातीत समाधी देऊन झाली होती. अठरा दिवस राहून तो परत गेला. रोज दुपारी चारला, तिकडं जेवणाची सुट्टी होते तेव्हा, तो आता मला फोन करतो. आम्ही हवेबद्दल बोलतो.

गेल्या आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला. तिच्या लॅबच्या साहेबांनी निरोप दिला, सामान घेऊन जा. मी गेले. यंत्रं बंद असल्यामुळं तिथं बोललेलं सगळं फार मोठ्यानं ऐकू येत होतं. पांढरा कोट, चपला, स्टीलचा पेला. साहेब पन्नाशीचे, माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, मला ठाऊक होतं. रस निवळायला शिशाचं औषध वापरतेत. ते पोटातल्या बाळाला वाईट. म्हणून तिनं मला टेबल बदलून मागितलं. घरी सांगू नका म्हणाली." मग ड्रॉवरमधून एक कागद काढून दिला. वर पाठवायचा राहून गेला होता.

घरी येऊन मी तो अव्वाला वाचून दाखवला. शुभांगीचं सुबक, किंचित तिरकं अक्षर. पहिल्यांदाच तिनं हंगामातली रजा मागितली होती. सप्टेंबर अखेरपासून सहा महिने, म्हणजे पुढचा सगळा हंगाम. कारण, बाळंतपण. शेवटची ओळ होती, 'हंगाम सुरू होताना मी हजर नसेन, याबद्दल दिलगीर आहे.' त्याखाली साहेबांनी लाल पेनानं 'मंजूर' लिहिलं होतं.

अव्वानं उजवा हात पुढं घेतला आणि नाताळापासून अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक महिना पुढं नेला. नवव्या पेरावर थांबली.

"सप्टेंबर," ती म्हणाली. "व्हय. बरोबर हाय."