पंचांकडे दिलेली टोपी

काळाचौकीत आमच्या चाळीच्या तोंडावर एक फळा आहे. चाळीत कोणी गेलं की अंत्ययात्रेची वेळ त्यावर लिहितात, आणि रविवारी मैदानावरच्या लहान क्लबांच्या क्रिकेट सामन्यांचे निकाल. दोन्ही लिहायचे तळमजल्यावरचे काका. पूर्वी ते पंच होते. फलंदाजांचे रन ते लिहीतच नसत. "विकेट कोणी काढल्या ते सांग," म्हणायचे. दुसऱ्या माळ्यावरची फास्ट बोलर मुलगी खूप पुढे जाणार, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

मागच्या रविवारी दुपारी काका गेले. फळ्यावर वेळ मी लिहिली. संध्याकाळी ती मुलगी पाच विकेट काढून मैदानावरून आली. मी पुन्हा खडू उचलला, तर कोणीतरी म्हणालं, आज निकाल लिहिणं बरं दिसत नाही. माझं डोकंच फिरलं. काकांच्या नावाखाली तिच्या विकेट मी ठसठशीत लिहिल्या.

तिने फळ्याकडे पाहिलंही नाही. ओव्हर टाकण्याआधी बोलर आपली टोपी पंचांकडे देतो, तशी तिने डोक्यावरची टोपी काढली आणि तिरडीवर काकांच्या हाताशी ठेवली.

ओव्हर संपली की पंच टोपी परत देतात. ती टोपी काकांबरोबरच गेली.