अर्ध्या पायऱ्यांवरची ओटी

मी काही फार देवभोळी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन जबलपूरला आले, तेव्हापासून नागपूरला माहेरी जाता-येता तिलवाऱ्याच्या पुलावरून नर्मदामैयाला हात जोडायचे, तेवढाच आमचा दोघींचा संबंध. गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यानंतर तर मला देव आठवायचा तो फक्त भांडायला. काय बिघडवलं होतं मी तुझं, असं मी रोज भिंतीकडे बघून विचारायचे.

पहिली कळ आली ती सलवार घालताना. एका पायावर उभी राहिले आणि जांघेच्या वर, अगदी पुढच्या हाडात असं काही लचकलं की मी पलंगाची कड धरून ओरडलेच. मग ते रोजचंच झालं. पायरी चढताना, कूस बदलताना, रिक्षात पाय टाकताना पुढून कळ निघायची आणि मागे कंबरेच्या खाली जाऊन बसायची. चालताना आत हाडावर हाड घासल्यासारखं वाटायचं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अवं, होते असं. मी काय लेकरं झाडावरून तोडून आणली? उकिडवं बसून पोछा लावत जा, हाडं मोकळी होतात, बाळंतपण सोपं जाते." दवाखान्यात बाहेर ही रांग. डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता सांगितलं, "नॉर्मल है, डिलीवरी के बाद ठीक हो जाएगा." मग काय, लावला पोछा. रोज उकिडवं बसून, दातावर दात दाबून, सगळं घर पुसून काढलं. ज्यानं दुखणं वाढत होतं तेच मी औषध म्हणून करून राहिले होते, हे मला सांगणारं कोणी नव्हतं.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांना भीती होती. आधी माझं एक पोट पडलं होतं, आणि त्या वेळी माझ्यापेक्षा जास्त त्याच रडल्या होत्या. म्हणून या खेपेला त्यांनी तिलवाऱ्याच्या घाटावर पदर पसरून नवस बोलला: लेकरू सुखरूप झालं तर माझी सून सव्वा महिन्यानं अनवाणी, लेकरू उराशी घेऊन सगळ्या पायऱ्या उतरेल आणि मैयाची ओटी भरेल. घरी येऊन मोठ्या आनंदानं त्यांनी मला हे सांगितलं. मी तेव्हा भिंतीला धरून न्हाणीघराकडे चालले होते. मी तशीच पुढे सरकले. बोलून काय होणार होतं?

मुलगी झाली. दुखणं गेलं नाही. उलट वाढलं. मालिशवाली यायची ती माझे दोन्ही पाय धरून फाकवायची, "नस चढी है, खुल जाएगी," म्हणत, आणि मी उशी तोंडात धरायची. सगळे बाळाला बघायला यायचे, पेढे खायचे, आणि मी हसून आत वळायची ती कुल्ल्यांवर घासत घासत. हो, बसून सरकत जायची मी न्हाणीपर्यंत. बाळ पाळण्यात रडायचं आणि मला उठताच यायचं नाही. तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ती रडून रडून निळी पडलेली असायची. एकदा तर तिच्या रडण्याचा मला इतका राग आला की मी कानांवर हात दाबून बसले. वाटलं, ही झालीच नसती तर बरं झालं असतं. आई असून असं वाटलं. यजमान कारखान्यातून पाळी संपवून यायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे आणि गुपचूप गरम पाण्याची पिशवी भरून आणायचे. त्यांनाही काही सुचत नव्हतं.

सव्वा महिना झाला आणि नेमका तेव्हाच पोरीला खोकला झाला. छाती घुरघुरायची, दूध धरत नव्हती. औषध चालू होतं, पण सासूबाईंच्या मनानं घेतलं की नवस राहिला म्हणून हे होऊन राहिलं. त्या मला ओरडल्या नाहीत. माझ्या पलंगापाशी खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "एकडाव उतर, पोरी. माझ्या शब्दापायी लेकराचं काही झालं तर मी जगणार नाही." आता यावर कोण नाही म्हणेल? पोरीसाठी मी निखाऱ्यांवरूनही गेले असते. फक्त पाय चालायला हवे होते.

थंडीचे दिवस होते. घाटावर कोवळं ऊन होतं, पण पायऱ्यांचा दगड बर्फासारखा. यजमान मागे ओटीचं सामान घेऊन, सासूबाई पुढे. हे दोनदा म्हणाले, "पोरीला माझ्याकडे दे," पण सासूबाईंनी मान हलवली. बोललं तसंच व्हायला हवं होतं. मी पोरीला शालीत गुंडाळून छातीशी धरलं आणि उतरू लागले. काही पायऱ्या उतरून झाल्या. मग उजवा पाय खाली टाकला आणि कंबर अडकली. ना वर जाता येईना, ना खाली. पुढच्या हाडातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि माझ्या हातांतली पकड सुटत चालली आहे हे मला कळत होतं. ओरडायला गेले तर आवाजच निघेना. समोर नदी चमकत होती. मी मनात म्हटलं, मैया, मला नाही जमत. घे तुझं तू. मागणं नव्हतंच ते. हात टेकले होते मी.

तेवढ्यात कोणीतरी खालून बाळासकट माझे दोन्ही कोपर धरले. "बैठ जा बेटी. यहीं बैठ जा." पांढरं लुगडं, हातात काठी, खांद्याला झोळी अशी एक म्हातारी परकम्मावासी होती. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या बायकांना आमच्याकडे माताराम म्हणतात. ती आंघोळ, पूजा आटपून घाट चढत होती. तिनं मला धरून तिथंच पायरीवर बसवलं, बाळ माझ्या मांडीवर नीट ठेवलं. सासूबाई धावत वर आल्या आणि रडत रडत नवसाचं सगळं सांगून मोकळ्या झाल्या. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मन्नत आपने माँगी, और पैर इसके लगा दिए?"

सासूबाईंचा चेहरा पार उतरला. पण ती त्यांना रागावली नव्हती. तिनं झोळी उघडली आणि एका कापडातून छोटीशी बाटली काढली. परिक्रमा करणारे सोबत मैयाचं जल घेऊन चालतात, सकाळ-संध्याकाळ त्या बाटलीचीच पूजा करतात. त्यांच्यासाठी ती नुसती बाटली नसते, साक्षात मैया असते. इतकी वर्षं जबलपूरला राहून हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी सुचलं नव्हतं, एवढंच. तिनं झोळीतलं फडकं पायरीवर अंथरलं, त्यावर बाटली ठेवली आणि म्हणाली, "ये लो, मैया ऊपर आ गई. भरो ओटी."

मी बसल्या बसल्या ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. निम्मे तांदूळ बाहेर सांडले. हळदीकुंकू सासूबाईंनी लावलं आणि त्या बाटलीपुढे डोकं टेकून हुंदके देऊन रडल्या. मातारामनं बाटली पुसून पुन्हा कापडात गुंडाळली, पोरीच्या कपाळाला बोट लावलं आणि मला म्हणाली, "इलाज करा, बेटी. दर्द सहना कोई पूजा नहीं है." मग "नर्मदे हर" म्हणून काठी टेकत वर निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्याच आठवड्यात सासूबाई स्वतः मला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी सगळं ऐकलं, तपासलं आणि सांगितलं की कंबरेखालच्या हाडांचं जे कडं असतं त्याच्या सांध्यांचं हे दुखणं आहे, गरोदरपणात अनेकींना होतं, आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप जातं, काहींचं राहतं. दुखण्याला नाव आहे हे ऐकूनच मी रडले. म्हणजे मी नाटक करत नव्हते. उकिडवं बसणं बंद, पाय ओढणारी मालिश बंद. कंबरेला पट्टा, झोपताना गुडघ्यांत उशी, कूस बदलताना गुडघे जुळवून, कपडे बसून घालायचे, पायरी चढताना एकेक पाय जोडत. आणि रोजचे व्यायाम, आधी नुसते पडल्या पडल्या श्वास सोडत पोट आत घेण्याचे. व्यायामाच्या वेळी सासूबाई पोरीला घेऊन शेजारी बसायच्या आणि मी टाळाटाळ केली की म्हणायच्या, "काहून थांबली? माताराम येईन पाहाले." पोरीचा खोकला औषधानं हळूहळू गेला.

ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. परिक्रमेला निघालेल्या कितीतरी बाया रोज त्या घाटावरून जातात. पण माझे हात सुटत होते त्याच वेळी, त्याच पायरीवर ती होती, एवढं मला पुरतं. शरण जाणं म्हणजे दातावर दात दाबून पायऱ्या उतरणं, असं मला वाटायचं. ते खाली बसणं होतं.

दुखणं पूर्ण गेलं असं खोटं नाही सांगणार. घरात चालते, स्वयंपाक करते, पोरीला उचलते. पण थंडीत आणि फार उभं राहिलं की कळ येतेच, आणि दुसऱ्या लेकराचा विषय निघाला की मी उठून आत जाते. तिलवाऱ्याच्या सगळ्या पायऱ्या मी अजून उतरलेली नाही. दरवर्षी थंडीत आम्ही जातो, तेव्हा मी त्याच पायरीवर बसते आणि सासूबाई नातीला घेऊन पाण्यापर्यंत जातात.

यंदा पोर आजीचं बोट सोडून आपली आपण वर चढत आली, दोन्ही हातांची ओंजळ छातीशी धरून. वर येईस्तोवर पाणी सगळं सांडून गेलं होतं. तिनं ते ओले तळवे माझ्या गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाली, "आई, मैया आणली."